पीसीआर कुठे अडतो आणि ते ओळखायचं कसं

डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अपेक्षित जागी पट्टा दिसला म्हणजे नमुन्यात तो डीएनए आहे, आणि दिसला नाही म्हणजे नाही. नव्याने पीसीआर (पॉलिमरेज चेन रिॲक्शन, डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र) करणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच फसतात. ही दोन्ही विधानं काही अटींवरच खरी ठरतात, आणि त्या अटी पाळल्या गेल्या की नाही हे पट्टा स्वतः सांगत नाही. ते सांगणाऱ्या ट्यूब तुम्हालाच शेजारी लावाव्या लागतात. म्हणून या लेखात पीसीआरच्या मर्यादा कामाच्या क्रमाने मांडल्या आहेत: रिॲक्शन लावण्यापूर्वी काय तपासायचं, सोबत काय लावायचं, आणि निकाल विचित्र आला तर कुठून शोधायला सुरुवात करायची.

तंत्र थोडक्यात असं. तापवून डीएनएचे दोन धागे सुटे करायचे, थंड करून दोन प्रायमर (ठरवून बनवलेले डीएनएचे छोटे तुकडे) दोन टोकांना चिकटू द्यायचे, मग पॉलिमरेज एन्झाइमने प्रायमरपासून पुढचा धागा विणायचा. कॅरी मलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचं टॅक पॉलिमरेज वापरात आल्यावर प्रत्येक चक्रात नवं एन्झाइम घालण्याची गरज संपली. प्रत्येक चक्रात दुप्पट म्हटलं तर ३० चक्रांत एका रेणूचे सुमारे १०७ कोटी रेणू होतात. हा आदर्श हिशेब आहे. पुढच्या बहुतेक अडचणी या हिशेबात आणि ट्यूबमध्ये खरोखर जे घडतं त्यात पडणाऱ्या फरकातून येतात.

पायरी १: ट्यूब हातात घेण्याआधी

स्वतःला चार गोष्टी विचारा. हव्या असलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचा क्रम (बेसची, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची रांग) माहीत आहे का? तुकडा किती लांब आहे? नमुन्यातला डीएनए कुठून आणि कोणत्या अवस्थेत आला आहे? आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे: आहे की नाही, किती आहे, की त्याचा अचूक क्रम?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर साधा पीसीआर तिथेच थांबतो. प्रायमर बनवायला क्रम ठाऊक असावा लागतो. जवळच्या जातीच्या क्रमावरून प्रायमर बनवता येतात, पण मग प्रायमरच्या तीन-प्राइम टोकाकडे बारकाईने पाहा. विणकाम त्याच टोकापासून सुरू होतं. तिथले शेवटचे एक-दोन बेस जुळले नाहीत तर उरलेला प्रायमर घट्ट बसूनही सहसा फारच कमी किंवा काहीच तयार होत नाही. पाच-प्राइम टोकाकडचा बेमेळ मात्र बऱ्याचदा खपून जातो.

याच कारणाने एक अशी चूक होते जी जेलवर दिसतच नाही. प्रायमरच्या जागेवरच एखाद्या व्यक्तीच्या एका गुणसूत्रात बदल असेल, तर ती प्रत वाढत नाही, फक्त दुसरी वाढते. पट्टा सुरेख येतो, सिक्वेन्सिंगही (क्रमाचं वाचन) स्वच्छ येतं, आणि दोन वेगळ्या प्रती असलेली व्यक्ती एकाच प्रकारच्या प्रती असलेली वाटते. निदानासाठी जनुक तपासताना ही चूक फार महागात पडू शकते. उपाय एकच: प्रायमरच्या जागांवर माहीत असलेले बदल आधी शोधा आणि महत्त्वाचा निकाल वेगळ्या जागेवरच्या दुसऱ्या प्रायमर-जोडीने पुन्हा पडताळा.

प्रायमरची लांबी १८ ते २५ बेस, जी आणि सी मिळून ४० ते ६० टक्के, दोघांच्या वितळण्याच्या तापमानात फार तर ५ अंशांचा फरक, आणि तीन-प्राइम टोकं एकमेकांना पूरक नकोत. हे नियम सगळीकडे लिहिलेले असतात, त्यांवर इथे जास्त वेळ घालवत नाही.

पायरी २: आधाराची रिॲक्शन आणि चार साक्षीदार

२५ मायक्रोलिटरच्या एका ट्यूबसाठी:

- मॅग्नेशियमयुक्त १० पट बफर: २.५ मायक्रोलिटर (अंतिम मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर)
- डीएनटीपी (धागा विणायचे चार सुटे घटक) मिश्रण, प्रत्येकी १० मिलिमोलर: ०.५ मायक्रोलिटर (अंतिम प्रत्येकी २०० मायक्रोमोलर)
- दोन्ही प्रायमर, १० मायक्रोमोलर: प्रत्येकी ०.५ मायक्रोलिटर (अंतिम ०.२ मायक्रोमोलर)
- टॅक, ५ युनिट प्रति मायक्रोलिटर: ०.१२५ मायक्रोलिटर
- टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए): १ मायक्रोलिटर
- न्यूक्लिएजमुक्त पाणी: १९.८७५ मायक्रोलिटर

०.१२५ मायक्रोलिटर पिपेटने नीट घेता येत नाही. म्हणून ८ ट्यूब लावायच्या असतील तर टेम्प्लेट सोडून बाकी सगळं ९ ट्यूबचं एकत्र करा, बर्फावर ठेवा आणि प्रत्येकीत २४ मायक्रोलिटर वाटा. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं आणि तळाशी बसतं. हलक्या हाताने वरखाली करून मिसळलं नाही तर पहिल्या आणि शेवटच्या ट्यूबमध्ये वेगळे निकाल येतील. टेम्प्लेट म्हणून मानवी जीनोमिक डीएनए १ ते १०० नॅनोग्रॅम पुरतो. प्लास्मिड (जिवाणूतला छोटा गोलाकार डीएनए) असेल तर १ नॅनोग्रॅमही भरपूर. जास्त घातल्याने जास्त मिळत नाही, उलट अडथळे वाढतात.

कार्यक्रम: ९५ अंशांवर २ मिनिटं, मग ३० चक्रं, प्रत्येकात ९५ अंशांवर ३० सेकंद, प्रायमरच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा ५ अंश खाली ३० सेकंद, ७२ अंशांवर दर हजार बेसमागे १ मिनिट, शेवटी ७२ अंशांवर ५ मिनिटं.

आता साक्षीदार. पहिली ट्यूब टेम्प्लेटऐवजी पाण्याची. दुसरी ट्यूब नमुना न घेता डीएनए काढण्याच्या सगळ्या पायऱ्या केलेल्या द्रवाची. काढणीच्या रसायनांतली भेसळ फक्त हिच्यात दिसते. तिसरी नक्की चालणाऱ्या टेम्प्लेटची, पण थोड्या प्रतींची, १०० च्या आसपास. भरमसाट प्लास्मिड घातलेला नियंत्रक अर्धमेल्या रिॲक्शनमध्येही चालतो, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. चौथी ट्यूब सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे: तुमच्या नमुन्याचा १ मायक्रोलिटर आणि त्यात तोच चालणारा टेम्प्लेट मिसळलेला. तिसरी चालली आणि ही ट्यूब रिकामी आली तर दोष नमुन्यात आहे, प्रायमरमध्ये नाही.

पायरी ३: जेल रिकामं आलं तर

तिसरी ट्यूबही रिकामी असेल तर घटक आणि कार्यक्रम तपासा: कुठला घटक राहिला, प्रायमर कोणत्या तीव्रतेचा विरघळवला, डीएनटीपी किती वेळा गोठून वितळले. तिसरी चालली, चौथी अडली, तर नमुन्यात अवरोधक, म्हणजे रिॲक्शन रोखणारा पदार्थ, आहे.

अवरोधक नमुन्यानुसार ठरलेले असतात. रक्तात हीम, हेपरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तात हेपरिन, मातीत ह्युमिक आम्ल, विष्ठेत पित्तक्षार, वनस्पतींत पॉलिसॅकराइड आणि पॉलिफिनॉल, आणि काढणीतून मागे राहिलेले फिनॉल, इथेनॉल, एसडीएस. २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ आलं म्हणून नमुना स्वच्छ आहे असं समजू नका. ते गुणोत्तर मुख्यतः प्रथिनं पकडतं. हेपरिन त्याला दिसतही नाही.

एन्झाइमला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं; हा अडथळा आकड्यांतच समजतो. १.५ मिलिमोलर मॅग्नेशियमपैकी ०.८ मिलिमोलरच्या आसपास चार डीएनटीपी धरून ठेवतात. उरतं ०.७. डीएनए नेहमीच्या टीई बफरमध्ये असेल तर त्यात १ मिलिमोलर ईडीटीए आहे. त्याचा १ मायक्रोलिटर २५ मध्ये घातला तर ०.०४ मिलिमोलर, काही बिघडत नाही. पण डीएनए कमी आहे म्हणून १० मायक्रोलिटर घातला तर ०.४ मिलिमोलर ईडीटीए येतो, आणि मोकळं मॅग्नेशियम ०.३ वर उतरतं. एन्झाइम तिथे जवळपास थांबतं. म्हणजे कमी डीएनएवर उपाय म्हणून जास्त नमुना घालणं हेच अपयशाचं कारण होतं. पीसीआरसाठीचा डीएनए १० मिलिमोलर ट्रिसमध्ये किंवा ०.१ मिलिमोलर ईडीटीएच्या टीईमध्ये साठवा.

अवरोधकावर पहिला उपाय सर्वांत स्वस्त: नमुना १० पट आणि १०० पट पातळ करून लावा. पातळ केल्यावर पट्टा उगवला तर निदान झालं. दुसरा उपाय, बोवाइन सीरम अल्ब्युमिन, अंतिम ०.१ ते ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर; हीम आणि ह्युमिक आम्लावर चांगला चालतो. तिसरा, सिलिका कॉलमवरून पुन्हा शुद्धीकरण. पातळ करण्याची मर्यादाही लक्षात ठेवा: नमुन्यात मुळातच ५० प्रती असतील तर १०० पट पातळ केल्यावर बहुतेक ट्यूबमध्ये काहीच पोचणार नाही.

चौथी ट्यूब चालते, तिसरी चालते, फक्त नमुना रिकामा आहे? मग डीएनए तुटका असण्याची शक्यता आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ऊतींतून १०० ते २०० बेसच्या पुढचे तुकडे मिळणं कठीण. प्रायमर जवळ आणा. अशा ऊतींत सायटोसिनचं रूप बदलून ते थायमिनसारखं वाचलं जातं, त्यामुळे सी ऐवजी टी दिसलं तर लगेच उत्परिवर्तन म्हणू नका. स्वतंत्र रिॲक्शनमध्ये तेच दिसतं का ते पाहा.

पायरी ४: नको ते पट्टे

१०० बेसच्या खालचा धूसर पट्टा बहुधा प्रायमर-डायमर असतो. दोन प्रायमर एकमेकांवर चिकटून तयार झालेला. तो पाण्याच्या ट्यूबमध्ये दिसला तर भेसळ नव्हे. टॅक खोलीच्या तापमानालाही थोडं काम करतं, म्हणून रिॲक्शन बाकावर रेंगाळली की डायमर वाढतात. हॉट-स्टार्ट (तापल्यावरच काम सुरू करणारं) एन्झाइम वापरा किंवा ट्यूब बर्फावरून थेट तापलेल्या यंत्रात ठेवा. चुकीच्या लांबीचे इतर पट्टे असतील तर चिकटण्याचं तापमान २-२ अंशांनी वाढवून पाहा. ग्रेडियंट यंत्र (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं देणारं) असेल तर एकाच फेरीत उत्तर मिळतं. मॅग्नेशियम जास्त असलं तरी चुकीच्या जागा टिकतात.

पाण्याच्या ट्यूबमध्ये अपेक्षित लांबीचाच पट्टा आला तर काम थांबवा. त्या फेरीतला एकही होकारार्थी निकाल ग्राह्य धरू नका, बाकी सगळे कितीही बरोबर वाटले तरी. पूर्ण झालेल्या एका रिॲक्शनमध्ये १ लाख कोटी प्रती असू शकतात. त्यांना २५ मायक्रोलिटरने भागलं तर एका मायक्रोलिटरच्या दहा लाखाव्या भागात ४० हजार प्रती बसतात. झाकण उघडताना उडणारा डोळ्यांना न दिसणारा तुषार पुढच्या आठवड्यातल्या सगळ्या रिॲक्शन बिघडवायला पुरतो. म्हणून रिॲक्शन जिथे लावता तिथे तयार झालेली ट्यूब कधीही उघडू नका. दोन खोल्या, दोन पिपेट-संच, दोन कोट, आणि जाणं-येणं एकाच दिशेने. फिल्टर टिप वापरा. बाक ताज्या १० टक्के ब्लीचने पुसा. अल्कोहोल डीएनए नष्ट करत नाही. भेसळ झालीच तर पाणी, बफर, प्रायमर एकेक तपासत बसण्यापेक्षा सगळे छोटे भाग टाकून नवे काढणं लवकर होतं. म्हणूनच ते सुरुवातीपासून छोट्या भागांत साठवायचे.

सतत त्याच तुकड्याची चाचणी करणाऱ्यांसाठी आणखी एक कुंपण आहे: डीटीटीपीऐवजी डीयूटीपी वापरायचं, म्हणजे प्रतींत थायमिनऐवजी युरॅसिल येतं, आणि प्रत्येक रिॲक्शनच्या आधी युरॅसिल ग्लायकोसायलेजने जुन्या प्रती नष्ट करायच्या. मात्र पीएफयूसारखी चुका दुरुस्त करणारी एन्झाइमं युरॅसिल दिसताच अडतात, म्हणून ही दोन तंत्रं एकत्र चालत नाहीत.

पायरी ५: लांब, चिवट आणि पुनरावृत्तीचे तुकडे

साधं टॅक ३ ते ४ हजार बेसपर्यंत भरवशाचं. त्यापुढे वेळ वाढवून फारसा उपयोग होत नाही, कारण अडचण वेगाची नसते. टॅक चुकीचा बेस घालतं, त्या जागी अडखळतं आणि धागा अर्ध्यावर सोडतं. लांबी वाढली की असा धागा पूर्ण होण्याची शक्यता घटते. टॅकमध्ये चुका खुडणाऱ्या एन्झाइमचा थोडा अंश मिसळला की २० हजार बेस आणि त्याच्या पुढेही जाता येतं. दुसरं कारण उष्णता: ९५ अंशांवर डीएनएतून प्युरिन गळून पडतात. लांब तुकड्यांसाठी वितळवणं ९४ अंशांवर १० ते १५ सेकंदांचं ठेवा आणि विणकाम ६८ अंशांवर करा. टेम्प्लेट जोरात व्हॉर्टेक्स केलेला नको, तो तुटतो.

जी आणि सी ६५ टक्क्यांच्या वर गेले की धागे नीट सुटत नाहीत, सुटले तरी स्वतःवरच घडी घालतात. ५ टक्के डीएमएसओ (२५ मायक्रोलिटरमध्ये १.२५) किंवा १ मोलर बीटेन घाला. डीएमएसओच्या दर टक्क्यामागे वितळण्याचं तापमान सुमारे ०.६ अंशाने उतरतं, म्हणून ५ टक्क्यांना चिकटण्याचं तापमान ३ अंशांनी खाली घ्या. १० टक्क्यांवर टॅकची ताकद साधारण निम्मी होते. तिथवर जाऊ नका.

छोट्या पुनरावृत्तींवर पॉलिमरेज घसरतं आणि एका घटकाने आखूड प्रत बनवतं. तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या आलेखात मुख्य शिखरामागे छोटं शिखर दिसतं ते यामुळे. एन्झाइम बदलून ते कमी होईल, पूर्ण जाणार नाही. वाचताना ते धरूनच चालावं लागतं.

पायरी ६: क्रम अचूक हवा असेल तर

टॅकला चूक खुडता येत नाही. त्याच्या चुकीचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीनुसार दहा हजारांत एक ते लाखात एक असं मिळतं. हिशेबासाठी ५० हजारांत एक धरू. १० नॅनोग्रॅम मानवी डीएनए म्हणजे एका जनुकाच्या सुमारे ३ हजार प्रती. तिथून १ लाख कोटींपर्यंत जायला २८ दुपटी लागतात. १००० बेसचा तुकडा, २८ दुपटी: प्रत्येक रेणूमागे सरासरी ०.५६ चुका, म्हणजे दहातले चार रेणू कुठे ना कुठे चुकलेले. पीएफयूच्या बाबतीत हाच आकडा शंभरात तीन-चार रेणूंवर येतो.

पूर्ण उत्पादन सँगर पद्धतीने (सगळ्या प्रतींचा क्रम एकत्र वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगने) वाचलं तर या विखुरलेल्या चुका दिसत नाहीत, बहुमत बरोबर असतं. क्लोनिंगमध्ये (तुकडा जिवाणूत घालून वाढवताना) मात्र तुम्ही एकच रेणू उचलता. म्हणून क्लोनिंगसाठी दुरुस्ती करणारं एन्झाइम वापरा, टेम्प्लेट जास्त घालून चक्रं २५ च्या आत ठेवा आणि किमान तीन क्लोन वाचा. सुरुवातच एका रेणूपासून झाली आणि पहिल्याच चक्रात चूक झाली, तर शेवटच्या चौथाई प्रतींत ती असेल. तिथे सँगरचं बहुमतही दिशाभूल करू शकतं.

दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमच्या दोन सवयी माहीत हव्यात. डीएनटीपी नसताना ते प्रायमरचं तीन-प्राइम टोक खातं, म्हणून ते सर्वांत शेवटी घाला. आणि ते टोकाला जादा ए जोडत नाही, त्यामुळे त्या जादा ए वर चालणारं टीए क्लोनिंग जमत नाही. आधी टॅक आणि डीएटीपीसोबत ७२ अंशांवर १० ते २० मिनिटं ठेवावं लागतं.

पायरी ७: 'किती' हा प्रश्न असेल तर

जेलवरचा पट्टा किती ठळक आहे यावरून सुरुवातीला किती डीएनए होता हे सांगता येत नाही. वरच्या रिॲक्शनमध्ये प्रत्येक प्रायमरचे ३ लाख कोटी रेणू आहेत. त्यापलीकडे प्रती होणंच शक्य नाही, आणि त्याच्या आधीच तयार झालेले धागे प्रायमरऐवजी एकमेकांना चिकटू लागतात. ४० चक्रांनंतर १०० प्रतींची आणि १ लाख प्रतींची ट्यूब सारखीच दिसते.

रिअल-टाइम पीसीआर वाढीच्या काळात मोजतो, पण तोही कार्यक्षमतेवर (एका चक्रात किती टक्के प्रतींची दुप्पट होते त्यावर) टेकलेला आहे. ती ९० टक्के असेल तर ३० चक्रांनंतर आदर्शाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्याच प्रती होतात. म्हणून प्रत्येक प्रायमर-जोडीसाठी १० पट पातळ करत गेलेल्या किमान पाच पायऱ्यांची रेषा काढा: आडव्या अक्षावर प्रतींच्या संख्येचा लॉग, उभ्यावर सिग्नल दिसू लागतो ते चक्र. उतार उणे ३.३२ म्हणजे १०० टक्के, उणे ३.६ ते उणे ३.१ चालतो. ११० टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता आनंदाची बाब नाही, बहुधा सर्वांत दाट पायरीत अवरोधक असतो.

अगदी कमी प्रती असतील तर नशीबही मध्ये येतं. ट्यूबमागे सरासरी एक प्रत असेल तर १०० पैकी ३७ ट्यूबमध्ये एकही जाणार नाही. सरासरी तीन असतील तर पाच रिकाम्या. एका ट्यूबच्या नकारावर थांबू नका, तीन ते पाच लावा आणि किती चालल्या ते नोंदवा.

मिश्र नमुन्यात, उदाहरणार्थ अनेक जिवाणूंच्या १६एस जनुकांत (जिवाणूची जात ओळखायला वापरतात ते जनुक), प्रायमरशी नीट जुळणारे आणि सहज वितळणारे तुकडे बाकीच्यांना मागे टाकतात. अर्धवट विणलेला धागा पुढच्या चक्रात दुसऱ्याच जातीच्या धाग्यावर प्रायमरसारखा बसतो आणि निसर्गात नसलेला संकरित क्रम तयार होतो. म्हणून चक्रं २५ च्या आसपास आणि विणकामाची वेळ पुरेशी ठेवा.

पायरी ८: पीसीआर सोडून दुसरं कधी वापरायचं

मेलेल्या जिवाणूचा डीएनएही तितकाच वाढतो. जिवंत आहे का हे हवं असेल तर कल्चर करा, किंवा डीएनए काढण्याआधी प्रोपिडियम मोनोअ‍ॅझाइड वापरा. ते फुटलेल्या पेशींतला डीएनए प्रकाशात बांधून ठेवतं. आरएनएसाठी आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणं) लागतं, आणि त्या एन्झाइमशिवायची एक ट्यूब लावल्याशिवाय जीनोमिक डीएनएची भेसळ कळत नाही. मिथाइलेशनच्या (डीएनएवरच्या रासायनिक) खुणा प्रत करताना पुसल्या जातात, म्हणून बायसल्फाइटची प्रक्रिया पीसीआरच्या आधी करावी लागते. प्रमाणित रेषेशिवाय थेट प्रती मोजायच्या असतील तर डिजिटल पीसीआर (नमुना हजारो बारीक भागांत वाटून मोजणारा) वापरा. दुर्मीळ बदल लाखो सामान्य प्रतींत शोधायचा असेल तर वाढवण्याआधीच प्रत्येक रेणूला वेगळी खूणगाठ जोडून सिक्वेन्सिंग करा, म्हणजे पॉलिमरेजची चूक आणि नमुन्यातला खरा बदल वेगळे ओळखता येतात. आणि नमुन्यात कोणता जीव आहे याचा अंदाजच नसेल तर प्रायमर बनवण्यात वेळ न घालवता सगळ्या डीएनएचं थेट सिक्वेन्सिंग करा; त्यातून क्रम मिळाल्यावर पुढच्या नमुन्यांसाठी पायरी १ पासून पीसीआर उभा करता येतो.